मामाची मांडी

वाल्मिकच्या गोठ्यात दोन गायी होत्या आणि एक बोकड होता. गायींना नाव द्यायचं कधी कुणाला सुचलं नाही, बोकडाला मात्र नाव होतं. जावळ्या. धाकट्या बहिणीला जर्मनीत मुलगी झाल्याचा फोन आला, त्याच आठवड्यात वाल्मिकने लोणीच्या बाजारातून हे करडू आणलं होतं. भाचीच्या जावळाला कापायचं म्हणून आणलं, आणि आणल्या दिवशीच गावाने त्याचं बारसं करून टाकलं.

वाल्मिकच्या घरची रीत अशी की, लेकराचे जन्माचे केस, म्हणजे जावळ, मामाच्या मांडीवर बसवूनच काढायचे. तोवर त्या केसांना कात्री लावायची नाही. कोल्हारच्या घाटावर न्हाव्याला बोलवायचं, केस प्रवरेत सोडायचे, भगवतीचं दर्शन घ्यायचं आणि मग शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला बोकड देऊन भावकीला जेवू घालायचं. पोरीच्या जावळाला कुठं बोकड कापतात का, असं चार जणांनी त्याला ऐकवून पाहिलं. "माझ्या भाचीला कापतेत," एवढं बोलून तो वैरण टाकायला निघून गेला.

आता जावळ काढायचं ते पहिल्या वर्षी. हुकलं तर दुसरं वर्ष चालत नाही, तिसऱ्यापर्यंत थांबायचं. पहिल्या वर्षी राजेश्वरीला, म्हणजे वाल्मिकच्या बहिणीला, रजा मिळाली नाही. ती तिकडे दवाखान्यात नर्स. नवरा अमृत एका मोठ्या गोदामात कामाला. रजा न मिळाल्याचा सगळा फायदा झाला तो जावळ्याला. तो वाढला, माजला, त्याला दाढी फुटली आणि असा वास सुटला की वाल्मिक घरात आहे की बाहेर गेलाय हे शेजाऱ्यांना न बघता कळायचं. वाल्मिक जाईल तिथं तो मागे मागे. त्याने वाल्मिकचा टॉवेल खाल्ला, कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका आतल्या अक्षतांसकट खाल्ली. ज्याचं मरण ठरून बसलंय त्याने इतकं बिनघोर कसं राहावं, याचं लोकांना कौतुक वाटायचं.

घरात माणूस म्हणाल तर वाल्मिक एकटा. चाळिशी ओलांडली होती, लग्न झालं नव्हतं. का झालं नाही हे विचारायला सुरुवातीला खूप लोक यायचे. आधी राजीचं शिक्षण होऊ दे म्हणता म्हणता त्याचं वय निघून गेलं, आणि वय निघून गेल्यावर कळलं की आता शेतकऱ्याला पोरगी द्यायची पद्धतच राहिलेली नाही. मग विचारणारेही थांबले. त्याला त्याचं वाईट वाटत नसे, असं तो म्हणायचा. संध्याकाळी धार काढून झाली की दोन भाकरी थापायच्या, ताट वाढून घ्यायचं आणि समोर तांब्याला टेकवून मोबाईल उभा करायचा. राजीचा फोन यायचा तो तिची पाळी सुटल्यावर, म्हणजे इकडे जेवणाच्या वेळेला. आला तर जेवण दोघांचं व्हायचं. नाही आला तर तो मोबाईलकडे बघत एकट्याने जेवायचा, आणि ताट धुताना स्वतःशीच म्हणायचा, काम पडलं असेल.

राजी राहते त्या गावाचं नाव त्याला धड उच्चारता येत नसे, पण तिथलं हवामान पाठ. कोल्हारात उद्या ढग येतील का हे त्याला कुणी विचारू नये. जर्मनीत उद्या बर्फ आहे की ऊन, हे तो पारावर बसल्या बसल्या सांगायचा. मोबाईलवर तिथलं तापमान उणे झालेलं दिसलं की इथं भर दुपारी त्याच्या जिवाला घोर लागायचा. "राजे, कानाला बांधलं का?" राजी हसायची. दवाखान्यात सगळे तिला सिस्टर म्हणून हाका मारतात, तिच्या एका शब्दावर पेशंट गोळ्या घेतात, आणि हा विचारतोय कानाला बांधलं का.

पण त्याचा तरी काय दोष? राजीची काळजी त्याने काही मोठेपणी अंगावर घेतलेली नव्हती. ती त्याच्या मांडीवर येऊन पडली होती.

ती गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झालेली की राजीला स्वतःला आठवत नसूनही पाठ होती. त्यांच्या आईला भाऊ नव्हता. राजीच्या जावळाच्या दिवशी घाटावर सगळे जमले, न्हाव्याने वस्तरा पाजळला आणि विचारलं, मामा कुठाय? आईने मान खाली घातली. कुणीतरी चुलत-मावस शोधायला लागलं. तेवढ्यात चौथीत शिकणारा वाल्मिक पायरीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मी व्हतो मामा." लोक हसले. भाऊ तो भाऊ, मामा कसा होईल? पण आईने डोळे पुसले आणि राजीला उचलून त्याच्या मांडीवर दिलं. राजी आधी आकाशपाताळ एक करून रडली आणि डोकं गुळगुळीत झाल्यावर तिथंच झोपली. वाल्मिकच्या मांडीला मुंग्या आल्या. पाय आपला आहे की दगडाचा हे कळेना. पण हललो तर ही उठेल म्हणून तो हलला नाही. पंगत बसली, उठली, रस्सा संपला. मामाचा मान असलेला एकटाच माणूस त्या दिवशी उपाशी राहिला.

पुढे राजी पहिलीत जायच्या आत आई गेली. नर्सिंगला असताना वडीलही गेले. कॉलेजला त्यानेच घातलं, पहिले कितीतरी दिवस तो मोटरसायकल घेऊन फाटकाबाहेर बसून राहायचा. वॉचमनने एकदा विचारलं, तुमचं काय काम आहे? तो म्हणाला, काम काय न्हाई, बहीण आत हाय.

तर यंदा ज्ञानेश्वरीला, राजीच्या लेकीला, तिसरं चालू होतं. एप्रिलमध्ये येणार म्हणजे येणार, असं राजीने दिवाळीलाच सांगून टाकलं होतं. वाल्मिकने घराला रंग दिला. आचाऱ्याला शब्द दिला. मधल्या खोलीत नवी गादी आणली आणि तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही. फोनवर ज्ञानूचे केस डोळ्यावर आलेले दिसायचे. राजी दोन्हीकडून रबर लावायची, तरी एक बट नाकावर यायचीच. ज्ञानू ती फुंकरीने उडवायची. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," वाल्मिक म्हणायचा, "मामाच्या मांडीची वाट बघायलेत ते."

फेब्रुवारीत ज्ञानू फोनवर टोपी घालून दिसायला लागली. लाल लोकरीची, कपाळापर्यंत ओढलेली.

"थंडी लई हाय दादा," राजी म्हणाली.

वाल्मिकने मान हलवली. पण तिथलं हवामान त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या आठवड्यात थंडी कमी झालेली होती. शिवाय तिकडे घरात भिंती गरम असतात हे राजीनेच त्याला सांगितलं होतं. मग घरात टोपी कशाला? दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपी. तिसऱ्या फोनला त्याने विचारलं तर राजीने गायीचं विचारलं. वाल्मिकला कळलं की काहीतरी आहे, आणि राजीने गायीची चौकशी केली म्हणजे ते चांगलंच मोठं आहे.

ते उघडं केलं ज्ञानूनेच. राजी स्वयंपाकघरात काहीतरी बघायला उठली, फोन लेकीसमोर राहिला. "मामा, गंमत," असं म्हणून ज्ञानूने दोन्ही हातांनी टोपी ओढून काढली.

डोकं पांढरं बोडकं होतं. नुकते खुरटे केस फुटत होते आणि डाव्या कानाच्या वर एक लाल रेघ होती, टाक्यांची. ज्ञानू मामा हसायची वाट बघत होती. मामाच्या हातातला घास हातातच राहिला.

राजी धावत आली, तिने टोपी उचलली, मग खाली टाकली आणि रडायलाच लागली. "दादा, रागवू नको रे. पाळणाघरात घसरगुंडीवरनं पडली. खोल लागलं हुतं. टाके घालायला तेवढी बाजू काढावीच लागली. अर्धं डोकं ठेवून कसं चालंल, म्हणून सगळंच काढलं."

"कवा?"

"झाले पंधरा-वीस दिवस."

"आन तू आता सांगती?"

"तुला सांगितलं असतं तर तू जेवला असता का?"

ते खरं होतं. त्याने विचारलं, "अमृत हुता का संग?"

"ते कामावर. लांब हाय ते, यायला संध्याकाळ झाली. मी पाळीवर हुते, माझ्याच दवाखान्यात आणलं तिला. मी एकटीच हुते."

दोन वर्षं मनात धरलेलं जावळ गेलं, याचं दुःख वाल्मिकला झालं असणारच. पण त्या क्षणी ते दुसऱ्या नंबरला गेलं. राजी एकटी होती. रक्ताने भरलेलं लेकरू घेऊन ती परक्या मुलखात एकटी उभी होती, आणि तो इथं त्या दिवशी कदाचित पारावर बसून तिथल्या बर्फाच्या गप्पा मारत होता. फाटकाबाहेर बसायलासुद्धा तो नव्हता. आपलं तोंड तिला दिसू नये म्हणून त्याने तांब्या उचलला. आधार गेला तसा मोबाईल पालथा पडला.

सरळ केला तेव्हा राजी बोलत होती. "केसाला मशीन लावायच्या आधी मी तिला मांडीवर घेतलं दादा. दवाखान्यातल्या बाया म्हणत हुत्या, टेबलावर झोपव. म्हणलं, न्हाई. डोळे मिटले आन म्हणलं, ही मांडी मामाची हाय. मामाला यायला जमलं न्हाई म्हणून मी बसले."

वाल्मिकने तांब्या खाली ठेवून मोबाईल पुन्हा त्याला टेकवला. मग म्हणाला, "मुंग्या आल्या का?"

राजी रडता रडता हसली. "आल्या. पर हलले न्हाई."

रजेचं मग तिने हळूच सांगितलं. होती ती सगळी ज्ञानूच्या दुखण्यात संपली. एप्रिलचं येणं राहिलं. पुढच्या साली बघू.

"बघू की," वाल्मिक म्हणाला. "घाई काय हाय?"

आता हे भावकीला सांगणं आलं. भावकी म्हणजे मुख्यतः बायडाबाई, वाल्मिकची चुलती. मनाने वाईट नव्हती, आईमागे राजीची वेणी तिनेच घातलेली. पण तिच्या तोंडातून शब्द बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत तो पुलापलीकडे पोचलेला असायचा. दुसऱ्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. आचाऱ्याला वाल्मिकने नको म्हणून कळवलं, हे तिला आचाऱ्याच्याही आधी कळलं होतं.

"काय ऐकते मी? पोरीचं जावळ काढलं म्हणं तिकडंच?"

"व्हय काकू. लागलं हुतं डोक्याला."

"मामा जिता असताना? कुणाला इचारलं तिनं? शिकली, परदेशात गेली, म्हंजे रीतभात इकून खाल्ली का राजीनं?"

वाल्मिक जावळ्याच्या गळ्यातली दोरी सोडत होता. तो काही तरबेज खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण "राजीनं" हा शब्द त्या सुरात ऐकला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मीच सांगितलं तिला."

"तू?"

"तिनं इचारलं हुतं. फोन केल्ता. म्हणाली, दादा, थांबू का? मीच म्हणलं, काढून टाक. कशाला पायजे मांडी अन् फांडी."

बायडाबाईने पदर कमरेला खोचला. मग तिचा पट्टा सुटला. "आईमाघारी बहीण वाढवली म्हणून मिरवतो, आन तिच्या लेकराला घ्यायला तुझी मांडी जड झाली व्हय रं? एकुलती एक भाची. बिनलग्नाच्या माणसाला लेकराचं काय कळणार म्हणा. तुलाच नको असंल खटाटोप. त्या पोरीला काय वाटलं असंल? माहेर हाय का न्हाई मला, असं वाटलं असंल तिला."

दुसरं काहीही बोलली असती तरी चाललं असतं. तिने नेमकं तेच काढलं. राजीचं माहेर म्हणजे तो एकटा, त्याने रंगवलेल्या भिंती आणि कुणी न बसलेली गादी. दोन वर्षं त्या लेकराच्या एका बसण्यासाठी मांडी राखून ठेवली होती त्याने. हे तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललं की दोष परत जर्मनीला जाणार होता, आणि तिकडे राजी एकटी होती. इथं निदान त्याला ऐकून घ्यायला गोठा होता. "चुकलं खरं," तो म्हणाला आणि वैरणीला गेला.

ते बोलणं जायचं तिथं पोचलं. पारावर कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, पण भाचीचं कुणी विचारेनासं झालं. एकाने जावळ्याला मागणी घातली, आता तुला काय उपयोग त्याचा म्हणून. वाल्मिक म्हणाला, "द्यायचं न्हाई." म्हसोबापुढे जाऊन त्याने सांगून टाकलं की बोकाड तुझंच हाय, पर मालकीण आल्यावर. जावळ्या शेजारी उभा राहून म्हसोबाचा हार खात होता.

मे महिन्यात पोस्टमनने एक पुडकं आणून दिलं. आत ज्ञानूची कुंची होती. बारशाला मामाने पाठवलेली खणाची कुंची, तिची पुरचुंडी बांधलेली. वाल्मिकने गाठ सोडली. आत केस होते. काळे नाही, पिंगट, रेशमासारखे मऊ. राजीने ते वेचून ठेवले होते. दुसरं काही नव्हतं, आणि काही लागतही नव्हतं. केस प्रवरेत सोडायचे हे दोघांना ठाऊक होतं.

पण प्रवरा तेव्हा कोरडी होती. वाळू आणि मधे हिरवी डबकी. डबक्यात कसे सोडायचे? भंडारदरा धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटेपर्यंत त्याने पुरचुंडी देव्हाऱ्यात ठेवली. रोज दिवा लावताना तिच्याकडे बघायचा. जेवताना एकदा राजीने विचारलं, सोडले का रे? तो म्हणाला, नदीला पाणी येऊ दे.

पाणी आलं ते एका दुपारी. पुलावरून जाणारे येणारे गाड्या हळू करून बघत होते. वाल्मिकने अंघोळ केली, ठेवणीतला सदरा घातला, टोपी घातली, नारळ घेतला आणि पुरचुंडी सदऱ्याच्या खिशात, छातीशी ठेवली. बायडाबाई ओट्यावर बसली होती. तिने बघितलं, पण कुठं निघालास असं विचारलं नाही. मागून जावळ्या निघाला. त्याला हाकलून काही उपयोग नव्हता.

घाटावर कोणी नव्हतं. राजीला घेऊन बसला होता ती पायरी त्याला माहीत होती, पाण्यापासून जरा वरची. तो तिथं बसला. उठून पुरचुंडी पाण्यात सोडली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण त्याला तसं करवेना. त्याने नीट मांडी घातली, सदरा सारखा केला, आणि कुंची उजव्या मांडीवर ठेवली. लेकराचं डोकं जिथं आलं असतं तिथं. वर हात ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून, असं कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

तो बसून राहिला. पाणी चढत खालच्या पायरीला लागलं. जावळ्याने नारळाची शेंडी खाऊन टाकली. ऊन पुलापलीकडे सरकलं. वाल्मिक मांडीकडे लक्ष ठेवून होता. पण मुंग्या काही येईनात. मुंग्या यायला वजन लागतं. मांडीवर काही आहे हे त्याला डोळ्यांनी बघावं लागत होतं. त्या वेळी चौथीतल्या पोराला जी जड झाली होती, ती आता किती लांब आहे हे त्याला हवामान बघून कधी कळलं नव्हतं ते तिथं बसून कळलं. त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि ती त्याने पुसली नाही, बघायला होतंच कोण?

खिशातला मोबाईल वाजला. राजी. तिकडे तिची जेवणाची सुट्टी होती. त्याने नाक पुसलं, घसा साफ केला, मग उचलला.

"दादा, पाणी आलंय म्हणं? काकूचा फोन आल्ता. म्हणाली, वाल्मिक नवा सदरा घालून नदीकडं गेलाय, डोळ्यानं रडत हुता का काय, इचार त्याला."

"तिला काय दिसतंय लांबनं. मी बसलोय घाटावर. सोडतोय आता."

"मांडीवर घेतलं का आधी?"

"घेतलंय की."

मग बारीक आवाजात, लहानपणी विचारायची तसं तिने विचारलं, "मुंग्या आल्या का रे?"

वाल्मिकने मांडीवरच्या कुंचीकडे पाहिलं. वाऱ्याने तिची एक नाडी हलत होती.

"आल्या ना," तो म्हणाला. "लई आल्या. पाय उचलंना झालाय."

"मग ऊठ आता," राजी म्हणाली.

"बसतो जरा," वाल्मिक म्हणाला. "झोपलीय ती."